लहान मुलांना जागे ठेवण्याची तजवीज

मोशेच्या पाचव्या ग्रंथात असा एक हुकूम आहे की, दर सात वर्षांच्या अखेरीस, मांडवांच्या सणात, सर्व इस्राएल लोकांस एकत्र करून त्यांच्यासमोर नियमशास्त्राचे वाचन व्हावे, आणि त्या मेळाव्यास पुरुष, स्त्रिया, गावात राहणारा परकी आणि लहान मुले यांपैकी कोणासही वगळू नये. पुरुष शिकावयास येतात, स्त्रिया ऐकावयास येतात. परंतु ज्यांना शिकता येत नाही आणि ऐकलेले उमगतही नाही, अशा रांगत्या मुलांनी तेथे यावयाचे कशासाठी, ही शंका तालमुद या यहुदी धर्मग्रंथातील एलाझार बेन अझर्या या आचार्याने काढली, आणि उत्तरही त्यानेच दिले की, मुलांना आणणाऱ्यांच्या पदरी पुण्य पडावे म्हणून. एलाझारच्या या प्रवचनाची हकीकत शिष्यांनी संकोचत संकोचत वृद्ध आचार्य योशुआला सांगितली, तेव्हा एवढे रत्न हाती असून ते आपल्यापासून लपविण्याचा त्यांचा बेत होता की काय, असा प्रेमळ जाब त्याने त्यांना विचारला.

हे उत्तर प्रथमदर्शनी पळवाटीसारखे वाटते. पण कडेवर मूल घेऊन ज्याने एखाद्या धर्मसभेत तासभर काढला आहे, त्याला त्यातील मर्म तत्काळ कळावे. अशा माणसाच्या कानी निम्मे वाचन पडते, उरलेल्या निम्म्यात तो पाणी शोधतो, चप्पल शोधतो, शेजाऱ्याची क्षमा मागतो. आणि घरी परतताना, आपण आज धर्मकृत्य केले की नुसती हमाली केली, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही. एलाझारच्या मते त्याची ही यातायात हेच त्याचे धर्मकृत्य होय. तथापि एवढ्याने मुलाचा प्रश्न सुटत नाही. पुण्य आणणाऱ्याला मिळाले, मूल मात्र निमित्तमात्र राहिले.

यहुदी धर्मशास्त्रकारांना मुलांच्या गोंगाटाची अडचण ठाऊक नव्हती असे नाही. पुरिमच्या सणात एस्तेरच्या ग्रंथाचे वाचन ऐकावयास मुलामुलींना आणण्याची चाल चांगली, असे सोळाव्या शतकातील शुल्हान अरूख हा विधिग्रंथ सांगतो. पण पुढच्या शतकातील मागेन अब्राहाम हा भाष्यकार लगेच मर्यादा घालतो की, ऐकणाऱ्यांचे चित्त विचलित करतील अशी फार लहान मुले आणू नयेत. उलट क्राकोच्या मोशे इसर्लिसने त्याच ग्रंथावरील आपल्या टिपांत एस्तेरच्या कथेतील दुष्ट हामानाचे नाव दगडांवर वा फळ्यांवर लिहून ती एकमेकांवर आपटण्याची मुलांची रीत नमूद केली, वाचनाच्या वेळी होणारा ठोकाठोकीचा दस्तूर त्याच रीतीतून निघाला असे सांगितले, आणि अशी कोणतीही चाल मोडू नये, तिची टवाळीही करू नये, असे बजावले. एकाच ग्रंथाच्या पानांत शांततेची तरतूद आणि गोंगाटाची सनद अशा शेजारी शेजारी नांदतात, आणि सण भरविणाऱ्या प्रत्येक मंडळीला आजही या दोहोंमधूनच वाट काढावी लागते.

या वादाचा खरा निकाल लागतो तो वल्हांडणाच्या पहिल्या रात्री, सेदेरच्या पंक्तीत. मिसरातील दास्यातून झालेल्या सुटकेची कथा बापाने मुलाला सांगावी, हे त्या रात्रीचे मुख्य कर्तव्य. आणि ती कथा, शक्य असेल तेथे, मुलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगावी, असा मिश्ना या तालमुदाच्या मूळ संहितेचा दंडक आहे. द्राक्षारसाचा दुसरा प्याला भरला की मुलाने विचारावयाचे. त्याला तेवढी समज नसेल, तर बापाने त्याला शिकवावयाचे. पण सेदेर सुरू होतो अंधार पडल्यावर आणि मुलांना झोप येते, ही सार्वकालिक वस्तुस्थिती आहे. म्हणून थोर आचार्य अकिवा सणाच्या संध्याकाळी मुलांना भाजके धान्य व अक्रोड वाटीत असे, ती जागी राहावीत आणि त्यांनी विचारावे म्हणून. बाराव्या शतकात मैमोनिदेसने याच युक्त्यांना आपल्या विधिग्रंथात स्थान दिले: खाऊ वाटावा, जेवणापूर्वीच मेज उचलावे, बेखमीर भाकर एकमेकांच्या हातून हिसकावावी. एरवी गंभीर असलेल्या या तत्त्वज्ञाने पंक्तीतील हिसकाहिसकीला विधीचा दर्जा द्यावा, याचे मला फार कौतुक वाटते.

मात्र येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मूल विचारते तो प्रश्न तर महिनाभर आधी त्याच्याकडून घोकून घेतलेला असतो. मग पाठ केलेला प्रश्न हा प्रश्न म्हणावा काय? तालमुदात यावर एक मार्मिक आख्यायिका आहे. आचार्य रब्बाने वाढविलेला त्याचा पुतण्या अबये पंक्तीस बसला होता आणि त्याच्यासमोरून मेज उचलले जाताना पाहून, आपण अजून जेवलोही नाही आणि मेज का नेता, असे त्याने सहज विचारले. त्यावर रब्बा म्हणाला की, तुझ्या या एका प्रश्नाने आमची ठराविक प्रश्नांच्या पाठातून सुटका झाली. म्हणजे घोकलेला प्रश्न हा खऱ्या प्रश्नाच्या गैरहजेरीत चालणारा बदली कामगार आहे. धनी आला की त्याने जागा सोडावी. याहून पुढे जाऊन शास्त्र सांगते की, मूल नसेल तर पत्नीने विचारावे, एकट्याने स्वतःलाच विचारावे, आणि सर्व नियम जाणणारे दोन पंडितही एकमेकांना विचारोत. तेव्हा मुलासाठी केलेली ही सवलत नव्हे. श्रद्धा उत्तराने नव्हे तर प्रश्नाने जागी होते हे येथे गृहीत धरले आहे, आणि त्या कामात मूल प्रौढांचा वडीलधारा ठरते.

हा विचार महाराष्ट्राला दूरचा वाटण्याचे कारण नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने हिब्रू ग्रंथांशी संबंध तुटलेल्या शतकांत शब्बाथ, सुंता, भक्ष्याभक्ष्यविचार आणि शमा हा श्रद्धेचा उच्चार एवढ्या शिदोरीवर आपला धर्म टिकविला. अर्थात तो पोथीपेक्षा स्वयंपाकघरातून आणि आजीच्या हातून मुलांकडे आला. पुढे 1874 साली पुण्यात सेदेरची पोथी, म्हणजे हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया मराठी वळणाची लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलात गेले. मुंबई, ठाणे, अलिबाग येथे जी थोडकी घरे उरली, त्यांना एकत्र सेदेर भरविणे ही हौस नसून निकड आहे. आणि तिला आधार थेट शास्त्राचा आहे, कारण वल्हांडणाचे कोकरू संपविण्यास घर लहान पडत असेल तर शेजारच्या घराने सामील व्हावे, ही मुभा निर्गमाच्या बाराव्या अध्यायातच दिलेली आहे. इस्राएलबाहेर सेदेर दोन रात्री होतो, त्यामुळे एक रात्र घरी आणि एक समाजात, अशी सोयही करता येते.

अगदी लहान मुलांसाठी काही ठिकाणी सणापूर्वीच दिवसाउजेडी सरावाचा सेदेर ठेवतात. तो वल्हांडणाच्या आदल्या दिवशी ठेवता येत नाही, कारण त्या दिवशी बेखमीर भाकर खाण्यास मनाई आहे. हा नुसता खेळ, यात धर्म कोठे, अशी कुरकुर वडीलधारी मंडळी करतात. पण ईश्वराचे नाव व्यर्थ घेण्याबाबत इतके कडक असलेले शास्त्र, मुलांना शिकविण्यासाठी आशीर्वचन पूर्ण नावासह म्हणण्यास उघड परवानगी देते, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

माझी तक्रार असलीच तर उलट बाजूची आहे. अलीकडच्या मेळाव्यांत मुलांना वेशभूषा, जादूचे प्रयोग, बक्षिसे यांत असे काही गुंतवून ठेवतात की त्यांना नवल वाटावयास उसंतच मिळत नाही. ती हसतात, टाळ्या वाजवितात आणि काहीएक न विचारता घरी जातात. अक्रोड वाटणे हे मुलांना गप्प बसविण्यासाठी नव्हते. म्हणून सभास्थानाचे मुकादम, चौगुला आणि सणाची व्यवस्था पाहणारी सर्व मंडळी यांना एवढीच विनंती की, प्रमुख पाहुण्यांचे भाषण रद्द करावे, पंक्तीत मुलांना प्रौढांच्या मध्ये बसवावे, आणि मेज उचलल्यावर एखाद्या मुलाने तोंड उघडेपर्यंत कोणीही, प्रार्थना चालविणाऱ्या हजानानेसुद्धा, पुढचा मजकूर वाचू नये.