पुरे म्हणण्याची जागा

लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्यापुढे येतो आणि विचारतो, ‘‘वाढू का?’’ पोट भरले असेल तर आपण पानावर आडवा हात धरतो. तो पुढे जातो. विचारण्याच्या त्या क्षणात आपले स्वातंत्र्य सामावलेले असते.

मोबाइलवर असे विचारणारे कोणी नाही. पूर्वी इंटरनेटवरील पानाला शेवट असे. पुढचे पाहायचे तर बटण दाबावे लागे. २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने पान खाली सरकवताच पुढचा मजकूर आपोआप येत राहील, अशी रचना केली. वापरणाऱ्याचे श्रम वाचावेत, हा त्यामागचा हेतू. पुढे समाजमाध्यमांनी अशीच रचना स्वीकारली आणि आपली थांबण्याची जागा नाहीशी झाली. रास्किन यांनी स्वतः याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे.

मग दोष कोणाचा? मध्यरात्री मुलाच्या खोलीतला उजेड पाहून आपण रागावतो, ‘‘थोडा संयम पाळ!’’ आणि पुन्हा आपल्याच मोबाइलकडे वळतो. संयम हवाच. परंतु एक व्हिडिओ संपताच दुसरा सुरू होतो, तेव्हा आपण ‘हो’ म्हटलेले नसते. ‘नको’ म्हणायला उसंतच मिळालेली नसते. आपण जितका वेळ रेंगाळू तितक्या जाहिराती दिसतात आणि कंपनीला तितका पैसा मिळतो. न विचारता वाढत राहायचे आणि खाणाऱ्यालाच अधाशी म्हणायचे, हा कुठला न्याय?

यावर उपाय आहे. २०२१ साली यूट्यूबने १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय मुळातच बंद ठेवली. हवी असल्यास मुलाला ती सुरू करता येते. यात कोणाचे स्वातंत्र्य गेले? उलट, निवड पुन्हा त्याच्या हाती आली. ही वागणूक प्रत्येक ॲपने सर्वच वयाच्या माणसांशी ठेवावी, अशी मागणी आपण करायला हवी.

परंतु आपणच मुलाचे वय वाढवून त्याला खाते उघडून दिले असेल, तर? मग त्याच्यासाठी केलेली सोय आपणच काढून घेतली, नाही का? सदसद्विवेकबुद्धीला स्मरून याचे उत्तर द्यावे. आज घरी गेल्यावर सर्वांनी एकत्र बसून खात्यावरील वय दुरुस्त करूया आणि आपोआप पुढे चालणारे व्हिडिओ बंद करूया. सुरुवात मात्र आपल्या स्वतःच्या मोबाइलपासून व्हावी.