दुपटीचा हिशेब

“पॅकेज किती?” हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही बिनदिक्कत विचारला जातो. “तासाला किती पडतात?” हे मात्र पगारदार माणसाला कुणी विचारत नाही. तो प्रश्न रोजंदारीवाल्याचा, असं आपण धरूनच चालतो. पण ओव्हरटाइमची वेळ आली की वर्षाचा पगार तासावर आणावाच लागतो. कोणत्या रकमेला भागायचं आणि कितीने भागायचं, पाणी मुरतं ते या दोन जागी.

वर्षाला 3,60,000 रुपये, म्हणजे महिन्याला 30,000 पगार धरू. तो 30 दिवसांनी आणि रोजच्या 8 तासांनी भागला तर तासाला 125 रुपये पडतात. आता कायद्याने ठरवलेल्या आठवड्याच्या 48 तासांचा हिशेब करा. वर्षाचे 2,496 तास होतात आणि तासाचा दर 144 रुपयांवर जातो. महिन्याचे 26 दिवस धरले तरी आकडा तोच येतो, कारण वर्षातले 52 रविवार वजा केले की महिन्याला साधारण 26 दिवसच उरतात. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही एका दिवसाचा पगार काढायला 26 हाच भाजक आहे. हा रविवार आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून तो 1890 साली पदरात पाडून घेतला. महिन्याच्या पगारात सुट्टीचाही पगार असतो, असा युक्तिवाद 30 ने भागणारे करतात. पण जादा तास रविवारच्या विश्रांतीवर चढत नाही, तो दिवसभर राबलेल्या अंगावर चढतो.

दुसरी जागा याहून निसरडी आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने जादा तासाला दुप्पट दर दिला, आणि त्यासाठी मूळ पगारात भत्तेही मोजायला सांगितले. बोनस मात्र वगळला. तरीही एखाद्याने निव्वळ ‘बेसिक’ धरला आणि तो पगाराच्या निम्मा, 15,000 असला, तर तासाला 72 रुपये होतात. त्याची दुप्पट 144. म्हणजे पूर्ण पगाराचा जो साधा दर, तोच! ‘दुप्पट’ शब्द जागच्या जागी आणि दुप्पट पैसे गायब. 2019 च्या वेतन संहितेने वगळायच्या भत्त्यांना एकूण मोबदल्याच्या निम्म्याची मर्यादा घातली, हे बरं झालं. पण निम्म्यापर्यंत वगळायची वाट त्यातही मोकळीच आहे.

दुप्पट दर हे कामगाराला दिलेलं बक्षीस नव्हे. तो मालकाला घातलेला लगाम आहे. जादा तास महाग पडला, तर दमलेल्या माणसाला थांबवून घेण्यापेक्षा आणखी एकाला कामावर घेणं परवडावं, हा त्यामागचा विचार. कोरोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, गुजरात सरकारने कारखान्यांना 12 तासांची मुभा दिली आणि मजुरी फक्त तासांच्या प्रमाणात ठेवली. 8 तासांचे 80 रुपये, तर 12 तासांचे 120. गणित अचूक होतं, न्याय मात्र चुकला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला ती अधिसूचना रद्द केली आणि ओव्हरटाइमचे पैसे द्यायला लावले.

हे सगळं कारखान्यापुरतं, असं लॅपटॉपवाल्यांनी समजू नये. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दुप्पट दर आहे. पद व्यवस्थापकाचं असेल तर मात्र ते संरक्षण मिळत नाही. याच 30,000 पगारावर जो रोज 11 तास बसतो, त्याचा तास 105 रुपयांवर येतो. पगारवाढ झाली तरी तास वाढवून ती परत काढून घेता येते, आणि पगाराच्या चिठ्ठीवर त्याची कुठेच नोंद होत नाही.

म्हणून नोकरी स्वीकारताना पॅकेज जरूर विचारा; पण जादा तासाचा दर कोणत्या रकमेवर आणि कितीने भागून काढणार, हेही लेखी मागून घ्या.