शिवी, सम्यक वाचा आणि 'तडीपार'

एमसी स्टॅनचा रॅप अल्बम 'तडीपार' 2020 मध्ये आला आणि ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडले. एकाला त्यात नुसत्या शिव्या ऐकू आल्या, दुसऱ्याला शिव्या सोडून बाकी सगळं. स्टॅन म्हणजे पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतला अल्ताफ शेख. लहानपणी कव्वाल्या गायचा, पुढे रॅपकडे वळला आणि पहिल्याच एकल अल्बमला त्याने पोलिसी नोटिशीतला शब्द नाव म्हणून दिला. सण किंवा निवडणूक जवळ आली की कोणाकोणाला जिल्ह्याबाहेर काढलं, याच्या बातम्या चंद्रपूर-गडचिरोलीतही छापून येतात. त्या बातमीतल्या माणसाने स्वतःच माइक हातात घ्यावा, तसा हा प्रकार.

गंमत अशी की माफी आधीच मागून झाली होती. 2019 मधलं त्याचं 'अस्तगफिरुल्लाह' हे अल्लाकडे क्षमा मागणारं गाणं. मग वर्षभरात पुन्हा तीच जीभ? तौबेच्या अटी इस्लामी धर्मशास्त्रात स्पष्ट आहेत: केल्याचा पश्चात्ताप, ते थांबवणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. पण मनापासून केलेली तौबा नंतर पाय घसरला म्हणून रद्द होत नाही, पुन्हा करावी लागते, असंही आलिम सांगतात. तेव्हा स्टॅनला ढोंगी ठरवायची घाई नको. खरा पेच वेगळाच आहे. कठोर बोलणं हे मुळात पापच का?

चंद्रपूरला हा पेच परका नाही. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या धम्माच्या अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा म्हणजे खोटं, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी टाळणं. एवढ्यावर थांबलं तर 'तडीपार' सरळ नापास. पण त्रिपिटकात या नियमाला एक विलक्षण पुरवणी आहे. मज्झिम निकायातल्या एका सुत्तात राजपुत्र अभय बुद्धाला कोंडीत पकडायला येतो: दुसऱ्याला न आवडणारं असं तथागत कधी बोलतात का? हो म्हटलं तर सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, नाही म्हटलं तर देवदत्ताला ते कडक शब्द कसे ऐकवले? अभयच्या मांडीवर तेव्हा तान्हं मूल असतं. बुद्ध विचारतो, याने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील? अभय सांगतो, डाव्या हाताने डोकं धरीन, उजव्या हाताचं बोट वाकवून खडा बाहेर काढीन, रक्त आलं तरी. कारण मुलाची दया येते. त्यावर बुद्ध सांगतो की बोलणं खरं आणि हिताचं असेल, तर ते अप्रिय असलं तरी योग्य वेळ पाहून तथागत बोलतात.

वेळेचं मोल याच मुलखाने 1942 मध्ये पाहिलं. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, चिमूरला तुकडोजी महाराजांची भजनं व्हायची. सोबत फार तर खंजिरी. हाताची थाप आणि लोकांच्या बोलीतले थेट शब्द. नागपंचमीच्या दिवशी, 16 ऑगस्टला, चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा पोरगा गेला, संतापलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना मारलं, मग गोऱ्या सैनिकांनी गावावर अत्याचार केले. महिना संपण्याआधी महाराजांना अटक झाली. त्या भजनांत शिवी नव्हती, तरी इंग्रज सरकारला ती शिवीपेक्षा झोंबली. म्हणजे शब्द सोवळा असून भागत नाही, आणि ओवळा असला म्हणून तेवढ्यानं वायाही जात नाही. आपल्या दंडारीतल्या रांगड्या बोलण्यावर घरच्यांसोबत बसून हसणाऱ्या झाडीपट्टीला हे वेगळं सांगायला नको.

आता बुद्धाची ही खरं, हिताचं आणि वेळेवरचं अशी चाळणी 'तडीपार'ला लावून पाहावी. वस्तीतली गरिबी, पोलिसांचा धाक, पैसा आल्यावर बदललेली माणसं, हे खरं आहे आणि ते कानावर पडायलाच हवं होतं. त्या ओळींतला कडवटपणा खड्याला हात घालतो. पण भांडण दोन रॅपरांचं आणि उद्धार आईबहिणींचा, इथे हिशेब फसतो. अभयच्या उदाहरणात रक्त येतं ते ज्याला वाचवायचं त्याच्याच तोंडातून. या शिव्यांत ते अशा बाईचं निघतं जिचा त्या भांडणाशी संबंधच नाही. ही रीत स्टॅनने शोधून काढलेली नाही, नाक्यावरून उचलली. पण उचलली खरी. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे 100 आरबीएच, वऱ्हाडीत रॅप करतो. त्याची बोलीही काही मवाळ नाही, पण तिची धार बहुतेक वेळा वर, सत्तेकडे वळलेली असते. दिशेचा हा फरक शब्दकोशात सापडणार नाही.

मार्च 2023 मध्ये इंदूरला करणी सेनेचे कार्यकर्ते मंचावर चढले आणि गाण्यांतल्या शिव्यांचं कारण देऊन त्यांनी स्टॅनचा कार्यक्रम बंद पाडला. आक्षेपात तथ्य होतं, करुणा मात्र औषधालाही नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, 12 फेब्रुवारीला, स्टॅन 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला होता. दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे, त्यामुळे विदर्भातही तो हंगाम घरोघरी चवीने पाहिला गेला. स्टॅनच्या तोंडी शिवी आली की टीव्हीवर बीप वाजायचा आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे तो गाळलेला शब्द मनातल्या मनात बरोबर भरायचे. मग तो शब्द नक्की कुणाच्या वाचेत धरायचा?