प्रसाद देणाऱ्याचं सोवळं

दत्तभक्तहो, प्रसादाला नाही म्हणू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हात पुढे करायचा, प्रसाद कपाळाला लावायचा आणि तोंडात टाकायचा. कुठून आणला, कशात ठेवला, हे विचारायचं नाही. घेणाऱ्याची ही श्रद्धा योग्यच आहे. पण घेणारा विचारणार नाही म्हटल्यावर, विचारायचं कुणी?

दत्तजयंतीला सुंठवडा आणि पेढे घरोघर जातात. पुष्कळदा पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची असते. छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात. तेलतूप लागलं की शाई पदार्थात उतरते. म्हणूनच 2018 च्या सरकारी नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे. पेढ्यावरच्या वर्खाचंही तसंच. नियमाप्रमाणे तो 99.9 टक्के शुद्ध चांदीचा हवा, पण चांदी म्हणून ॲल्युमिनियमही खपवलं जातं. बोटांत चोळलं की चांदीचा वर्ख विरून जातो, ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे उरतात.

पदार्थात मिसळलेलं शिसं डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते हाडांत साठत जातं आणि सगळ्यांत जास्त घात करतं लहान मुलांच्या मेंदूचा. आणि पेढा आपण आधी कुणाच्या हातावर ठेवतो? नातवंडांच्याच ना!

कुणी म्हणेल, महाराजांचा प्रसाद, त्याला कसला दोष? पण कृपा महाराजांची असली तरी दुकान, डबा आणि कागद निवडतो आपणच. आपलं काम त्यांच्यावर ढकलणं ही भक्ती नव्हे. पूर्वी घरातली वडीलधारी बाई कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवू देत नसे. तिची श्रद्धा काय कमी होती? ही दक्षता तिच्या सोवळ्यातच होती.

देवळाबाहेरचा गरीब विक्रेता रद्दी वापरतो, कारण ती स्वस्त पडते. त्याच्यावर डाफरण्यापेक्षा उत्सव समितीने त्याला कोऱ्या कागदाच्या पिशव्या द्याव्यात. घरी तर केळीचं पान किंवा पळसाचा द्रोण आहेच. पेढ्याला वर्ख नसला म्हणून नैवेद्यात काही उणं पडत नाही.

घेणारा डोळे मिटून हात पुढे करतो. त्याच्या वाटचे डोळे देणाऱ्याने उघडे ठेवावेत.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!