वळकट्या बांधून ठेवा

कंपनीत फेरबदलाची कुजबुज सुरू झाली की लोक साहेबांचा चेहरा वाचायला लागतात. आज गप्प का आहेत? मीटिंगहून आल्यावर केबिनचं दार का लावून घेतलं? चहाच्या टपरीवर त्याचे दहा अर्थ निघतात. आठ-दहा जणांची टीम सांभाळणाऱ्याची तेव्हा मोठी पंचाईत होते. वरून काही कळत नाही आणि खालून प्रश्न थांबत नाहीत. अशा वेळी मला फ्रँक वाइल्ड आठवतो.

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेलं, मोहिमेचा प्रमुख शॅकल्टन याचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये बर्फात चिरडून बुडालं. माणसं पुढच्या वर्षी कशीबशी एलिफंट बेटावर पोचली. तिथून २४ एप्रिल १९१६ रोजी शॅकल्टन पाच सोबत्यांना घेऊन एका लहानशा नावेतून मदत आणायला निघाला. जायचं होतं सुमारे १,३०० किलोमीटरवरच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर. मागे उरली वाइल्डसह २२ माणसं, आणि सगळ्यांना सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर आली. दोन नावा पालथ्या घालून त्यांच्याखाली ते सगळे राहिले. खायला पेंग्विन आणि सील. एका तरुणाच्या पायाची हिमदंशाने सडलेली बोटं डॉक्टरांना तिथेच, त्या नावांखाली कापावी लागली. शॅकल्टन पोचला की वाटेतच बुडाला, हे कळायला काही मार्ग नव्हता. वाइल्डलाही नव्हता. पण समुद्र जरा मोकळा दिसला की सकाळी तो आधी स्वतःची वळकटी बांधायचा आणि मग सगळ्यांना सांगायचा, गड्यांनो, सामान आवरा, साहेब आज येतील कदाचित.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की त्याने कुणाला तारीख दिली नाही. नक्की येतील अशी हमीही दिली नाही. जे त्याला ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असल्याचा आव आणला नाही. फक्त हाताला एक काम दिलं, आणि ते स्वतःपासून सुरू केलं. वळकटी बांधायला किती वेळ लागतो? पण ती बांधली की माणूस अंथरुणातून उठलेला असतो, त्याचा दिवस सुरू झालेला असतो. शेवटी ३० ऑगस्टला, त्यांना सोडवायच्या शॅकल्टनच्या चौथ्या प्रयत्नात, चिलीचं ‘येल्चो’ जहाज बेटापाशी आलं. तासाभरात सगळे जहाजावर चढले. बावीसच्या बावीस जण जिवंत होते.

आपल्या ऑफिसात बर्फ नाही. पण घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाची धास्ती खरीच असते. म्हणून अशा दिवसांत रोज सकाळी ठरल्या वेळी दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र भेटावं. वरून काय कळलं ते सांगावं. जे कळलेलं नाही, ते कळलेलं नाही असंच सांगावं. मग लगेच आजच्या कामाकडे वळावं: कोणत्या ग्राहकाचं काम संध्याकाळपर्यंत हातावेगळं करायचं, कोण कुठे अडलंय, कुणी कुणाला मदत करायची. ज्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नसेल, त्या दिवशी तर ही भेट मुळीच चुकवू नये, कारण अफवांना सगळ्यात जास्त जागा त्याच दिवशी मिळते. ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ असं मात्र म्हणू नये. आपण ते मायेनेच म्हणतो, पण ऐकणाऱ्याला त्यातली पोकळी लगेच जाणवते. त्यापेक्षा टीममध्ये जो हल्ली बोलेनासा झालाय, डबाही एकटाच खातो, त्याच्याजवळ आज दुपारी आपला डबा घेऊन बसावं.