खानदानी भोचकपणा

आमच्या इन्सुलीला शोधकार्याची परंपरा आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरचा आमचा तपासणी नाका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गोव्याहून परतणाऱ्या सद्गृहस्थाच्या डिकीत काजूच्या पिशव्यांखाली काय निजलं आहे, हे हुडकून काढणारे पगारी शेरलॉक होम्स तिथे उन्हातान्हात उभे असतात. त्यामुळे हौशी गुप्तहेर ही कल्पना आमच्या गावाला जरा न पटणारीच. ज्याचा भत्ता मिळत नाही तो शोध घ्यायचा कशाला? मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. मलाही हे तंतोतंत पटत होतं.

पण मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी घरी आली ती इंग्रजी कादंबऱ्यांचं एक गाठोडंच घेऊन. साऱ्यांचा मासला एकच. काळ जुना, घराणं थोर, आणि खुनाचा तपास करणारी नायिका म्हणजे त्या घराण्यातली एखादी बाई. एक ऑस्ट्रेलियाची फ्रायनी फिशर. केरी ग्रीनवुडबाईंनी तिला 1989 साली पुस्तकात आणली ती थेट 1928 च्या मेलबर्नमध्ये. बालपण दारिद्र्यात गेलेलं. पुढे महायुद्धात मधले वारस मेले आणि बापाला सरदारकी मिळाली. दुसरी लेडी जॉर्जियाना. ही रीस बोवेनबाईंची, 2007 पासूनची. इंग्लंडच्या राजाची नातलग, पण खिशात दमडी नाही. म्हणजे महिनाअखेरीला माझी जी अवस्था होते ती हिची बारमाही. पण दमडी नसली तरी 'लेडी' आहे ना! ती कुणालाही काहीही विचारते, कुणाच्याही खोलीत शिरते, लोकांची पत्रं वाचते, आणि शेवटी इन्स्पेक्टर टोपी काढून तिचे आभार मानतो.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. हेच सगळं आमच्या वाडीतली एखादी बाई करते तेव्हा आपण तिला भोचक म्हणतो. म्हणजे जिज्ञासा आणि भोचकपणा यांत फरक फक्त घराण्याचा की काय? दुसऱ्याच्या घरात डोकावायचा हक्क माणसाला येतो तरी कुठून?

मुलगी म्हणाली, "बाबा, बाईलाच जिथे जाता येतं अशा जागा असतात." आणि तिने सुजाता मॅसींची पुस्तकं पुढे केली. 2018 सालापासून त्या परवीन मिस्त्री नावाच्या पारशी वकीलबाईंच्या कथा लिहीत आहेत. काळ 1920 नंतरचा, गाव मुंबई. एका पुस्तकात तर ही बाई सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात पडद्यातल्या राण्यांना भेटायला जाते. या कल्पनेमागे खरी बाई आहे. 1866 साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि परपुरुषाशी बोलायची सोय नसलेल्या पडदानशीन बायकांची इस्टेटीची गाऱ्हाणी त्यांनी वर्षानुवर्षं निस्तरली. त्यांना आत सोडत, कारण त्या बाई होत्या. आणि त्यांच्यावर विश्वास टाकत, कारण त्या इस्टेटीत त्यांचा वाटा नव्हता.

हे दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या सावंतवाडीचंच पाहा. 1803 साली खेम सावंत निपुत्रिक वारले. गादीचं भांडण दोन वर्षं चाललं. 1805 साली राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब या लहान मुलाला दत्तक घेतलं. तीन वर्षांनी त्या पोराचा बिछान्यातच गळा आवळण्यात आला आणि त्याच्या जागी दुसरा अज्ञान वारस आला. कादंबरीला याहून काय हवं? राजघराणं आहे, अंधार आहे, थोर घराण्यातल्या बायकाही होत्या. नव्हता तो एक तिऱ्हाईत. गादीशी ज्याचं काही देणंघेणं नाही, आणि तरीही त्या पोराचं काय झालं म्हणून ज्याला झोप येत नाही, असा.

आता आमच्या काकीकडे वळतो. नात्याची नव्हे, शेजारची. गावात कुणाकडे गॅस कधी संपला हे त्या घराच्या आधी तिला समजतं. आमच्या वाडीत एक निवृत्त मास्तर पुतण्याकडे राहतात. त्यांचं पेन्शनचं खातं मी नोकरी करतो त्या शाखेत. एका सकाळी काकी माझ्या पडवीत येऊन बसली.

"झिला, मास्तरांचो चष्मो तीन म्हयने दोऱ्यान बांधलेलो आसा. पेन्शन येता मां? मगे चष्मो कित्याक होणा नाय? आणि पुतण्याच्या हातात नवो मोबाईल. माका वाचूक येणा नाय, पण दिसता सगळा."

मी बँकेचा चेहरा धारण केला. "काकी, खातेदाराची माहिती बाहेर सांगता येत नाही."

"माहिती मागूक नाय इलंय रे, देवक इलंय."

मी हसलो. घरात म्हणालोही, काकीला उद्योग नाही. दोन महिने मी काहीही केलं नाही. तिच्या जागी कुणी लेडी येऊन बसली असती तर मी चहा टाकायला सांगून कागद-पेन्सिल घेतली असती, हे मला नंतर सुचलं.

शेवटी एकदा संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. चष्मा दोऱ्यानेच बांधलेला होता. मी आडून आडून विषय काढला. मास्तर शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक आहे. एटीएमचं कार्ड मीच त्याला दिलं. पण सकाळची पेज तोच करतो. तू बोभाटा केलास तर पेज कोण करील?"

कादंबरीत हे प्रकरण नसतं. तिथे दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून गुन्हेगाराकडे बोट दाखवलं की पुस्तक मिटतं. आमच्याकडे बोट दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. सत्य उघड करणं आणि अन्याय थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी खाली मान घालून परतलो आणि काकीला सगळं सांगितलं. गोपनीयता पहिल्यांदाच मोडली. पण गुपित तिचंच होतं. मी फक्त परत केलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी बँकेसमोर रिक्षा थांबली. मास्तर उतरले. मागून काकी. कार्ड मास्तरांच्या खिशात, आणि खिशाला काकीने लावलेली सेफ्टी पिन. पैसे मास्तरांनी स्वतः मोजून घेतले. त्यातले पेजेपुरते पुतण्याच्या हातात देतात, असं कळलं. पेज अजून मिळते.

मी काकीला विचारलं, "पुतण्याला काय सांगितलंस?"

"काय नाय. म्हटलंय, मास्तरांका म्हयन्यातसून एकदा भायरची हवा व्हयी."

ना आरोप, ना कबुली, ना इन्स्पेक्टरची टोपी. पुतण्याला सगळं कळलं आणि त्याला तोंड लपवायलाही जागा राहिली. काकीला यातून काय मिळालं? रिक्षाचं अर्धं भाडं तीच देते. तेव्हापासून मी माझ्यापुरता एक ताळेबंद मांडला आहे: नाक खुपसून ज्याच्या पदरात काही पडतं तो भोचक, आणि ज्याच्या पदरचं जातं तो न्याय करणारा. यात घराणं कुठेच येत नाही.

मास्तरांनी आता नवा चष्मा केला आहे. काउंटरपलीकडून ते त्यातून माझ्याकडे पाहतात, तेव्हा मला ते दोन महिने आठवतात आणि मी त्यांच्या नोटा उगीचच दोनदा मोजतो.