मार्सियसची त्वचा आणि अन्वयाचा अधिकार

अपोलोशी वादनाची स्पर्धा हरलेल्या मार्सियस या सॅटरची जिवंतपणी कातडी सोलली जाते, ही कथा ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फॉसिस’च्या सहाव्या सर्गात येते. टिशियनने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत (१५७६ मध्ये त्याचे निधन झाले) रंगवलेले याच प्रसंगाचे चित्र आज चेक प्रजासत्ताकातील क्रोमेर्झीश येथे आहे. त्याचा नव-प्लेटोवादी अन्वय सर्वपरिचित आहे : त्वचा म्हणजे मर्त्य आवरण, सोलणे म्हणजे आत्म्याची मुक्ती. दान्तेनेही ‘पॅराडिसो’च्या आरंभी अपोलोला आवाहन करताना हाच प्रसंग स्मरला आहे, तेव्हा हा अन्वय समीक्षकांनी मागाहून लादलेला नव्हे. प्रश्न त्याच्या सत्यतेचा नसून नैतिकतेचा आहे. वेदनेचे चिन्हात रूपांतर होताच ती कोणाची वेदना होती, हे विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही.

चित्र मात्र हे रूपांतर सहजी होऊ देत नाही. मार्सियस मध्यभागी उलटा टांगलेला आहे. गुडघा टेकून बसलेल्या अपोलोच्या चेहऱ्यावर क्रोध नाही. आहे ती कारागिराची एकाग्रता, आणि तीच अधिक असह्य. खाली एक लहानसे कुत्रे रक्त चाटते आहे. आत्ममुक्तीच्या कोणत्या रूपकात या कुत्र्याला जागा द्यायची? ओव्हिडच्या कथेत सॅटर आणि वनदेवता रडतात, त्यांच्या अश्रूंची नदी होते. येथे तसा विलाप नाही. उलट, कोणीतरी तंतुवाद्य वाजवतो आहे.

उजवीकडे मिडास विचारमग्न बसला आहे. ओव्हिडमध्ये त्याचा संबंध पॅनच्या स्पर्धेशी, तोही अकराव्या सर्गात. येथे तो केवळ पाहतो. अनेक अभ्यासक त्याच्या मुखात टिशियनचे आत्मचित्र पाहतात. तसे असल्यास चित्रकाराने स्वतःसाठी निवडलेली जागा बळीची नाही, देवाचीही नाही. चुकीच्या निवाड्यासाठी गाढवाचे कान लाभलेल्या परीक्षकाची आहे. अर्थ लावणाऱ्याची ही जागा समीक्षेला सोयीची खासच नाही.

अर्थ नाकारून केवळ वेदना ‘पाहावी’, हा पर्यायही निर्दोष नाही. रंगलेपनाचे सुख त्या पाहण्यात मिसळलेलेच असते. उत्तरकाळात टिशियन कुंचल्यापेक्षा बोटांनीच अधिक रंगवी, असे पाल्मा जोव्हानेच्या साक्षीवरून बोस्किनीने नोंदवले आहे. येथे त्या रंगाखाली मार्सियसची त्वचा आहे, आणि अपोलोची सुरीही तिच्यावरच टेकलेली आहे.